कोल्हापुरातले जुने बंगले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क, शाहूपुरी इकडच्या जुन्या बंगल्यांबद्दल जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र लिहून ठेवतोय. प्रश्न तुम्ही विचारता तसेच ठेवलेत. बराचसा पत्रव्यवहार ओल आणि गळतीचाच असतो म्हणून तिथे जास्त लिहिलंय. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा येऊ नये म्हणून मधेमधे प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. बंगला म्हणजे नक्की कुठलं घर? आमचंही जुनं घर आहे, ते यात येतं का?

इथे मी साधारण १९०० ते १९४५ या काळातल्या घरांबद्दल बोलतोय. प्लॉटच्या मधोमध सुटं उभं असलेलं घर, दगडी जोतं, पुढे व्हरांडा, बहुतेक वेळा पोर्च, वर उतरतं मंगळुरी कौलांचं छप्पर, एक मजला किंवा फार तर दोन. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत भिंतीला भिंत लागून जी घरं आहेत ती यात येत नाहीत, मग ती कितीही जुनी असोत. वाड्यात मोकळी जागा मधे असते, चौकात, आणि घर तिच्याभोवती. बंगल्यात घर मधे आणि मोकळी जागा त्याच्याभोवती. एवढा एकच फरक लक्षात ठेवला तरी पुढची निम्मी उत्तरं आपोआप कळतात, कारण उजेड, वारा, ओल, पाण्याचा निचरा सगळं त्या बाहेरच्या जागेवर चालतं. ती जागा बांधून टाकली की आतलं घर आजारी पडायला लागतं.

२. गार्डन सबर्ब ही कल्पना मूळची कुठली?

इंग्लंडची. एबेनेझर हॉवर्ड नावाच्या माणसाने १८९८ मध्ये उद्यान-नगरीची कल्पना पुस्तकातून मांडली, १९०३ मध्ये लेचवर्थ हे पहिलं शहर त्याप्रमाणे वसायला लागलं, आणि १९०७ मध्ये लंडनच्या कडेला हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब सुरू झालं. त्यामागे हेन्रिएटा बार्नेट ही बाई होती आणि आराखडा रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर यांचा. उद्यान-नगरी म्हणजे स्वतःचे कारखाने, शेती असलेलं अख्खं शहर, आणि गार्डन सबर्ब म्हणजे मोठ्या शहराला जोडून असलेली फक्त राहायची बाग-वसाहत. दोन्ही वेगळे, लोक सर्रास एकच समजतात.

अन्विनचा हिशोब एकरी १२ घरांचा होता. आपल्या भाषेत एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे घरामागे सव्वातीन गुंठ्यांच्या आसपास. त्याचं म्हणणं असं की घरं दाटीने बांधून फार काही वाचत नाही, कारण जास्त घरांना जास्त रस्ते लागतात आणि रस्त्यांचा खर्च वाढतो. आज आपल्याकडे एका गुंठ्यात तीन मजले उठवताना कोणी हा हिशोब करून बघत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

३. मग आपली राजारामपुरी गार्डन सबर्ब आहे का?

काटेकोर अर्थाने नाही. गार्डन सबर्बमधे रस्ते जमिनीच्या उताराप्रमाणे वळतात, मधे सार्वजनिक हिरवळ असते, कुंपणाला भिंतीऐवजी झुडपं. राजारामपुरी छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, म्हणजे १९२२ ते १९४० च्या दरम्यान आकाराला आली, आणि ती सरळ आखलेली आहे. मधून मेन रोड, दोन्ही बाजूंना काटकोनात गल्ल्या, आणि गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर. अजूनही माणूस पत्ता सांगताना "आठवी गल्ली" म्हणतो आणि रिक्षावाला बरोबर आणून सोडतो, यापेक्षा आखणी नीट असल्याचा पुरावा काय पाहिजे. आखीव पेठ वसवायची सवय मात्र कोल्हापूर संस्थानाला आधीपासून होती, शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि पुढे जयसिंगपूर तर अख्खं गावच आखून वसवलं.

ताराबाई पार्कचा काही भाग बाग-वसाहतीच्या जास्त जवळ जातो, मोठे प्लॉट, आत सरकलेली घरं, रस्त्यावर झाडांची सावली.

एक लक्षात घ्या, आपल्या देशात शहराबाहेर मोकळ्या वसाहती काढायला मोठा रेटा प्लेगने दिला. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ ला तिथे शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला आणि त्यातून दादर-माटुंग्याच्या वसाहती आल्या. बंगळूरचं बसवनगुडी आणि मल्लेश्वरम पण १८९८ चंच. कोल्हापूरनेही प्लेग सोसला. हवा आणि उजेड हा त्या पिढीला जिवाचा प्रश्न होता, शौक नव्हता.

४. हे बंगले इंग्रजांनी बांधले ना?

नाही. कोल्हापूर संस्थान होतं, १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. इथे इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे सरकारी प्रतिनिधी होता, त्याच्या लोकांची घरं होती, आणि १८८४ मध्ये पूर्ण झालेला नवा राजवाडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज इंजिनिअरच्या आराखड्याचा आहे हे खरं. पण गल्लीतले बंगले बांधून घेतले ते संस्थानातले अधिकारी, वकील, डॉक्टर, व्यापारी यांनी, आणि बांधले इथल्या गवंड्यांनी, पाथरवटांनी आणि सुतारांनी. बंगल्याचा साचा सुद्धा मुळात बंगालमधल्या गावाकडच्या झोपडीवरून घेतलेला, इंग्रजांनी त्याला व्हरांडा लावून मोठा केला आणि मग तो इंग्लंडला गेला, तिथले पहिले बंगले १८६९-७० च्या सुमाराला केंटच्या समुद्रकाठी झाले. त्यामुळे "साहेबी घर" म्हणून हात झटकू नका. आत बघितलंत तर देवघर आहे, माजघर आहे, न्हाणीघर मागे आहे, म्हणजे बाहेरून बंगला आणि आतून आपलं घर.

५. आमचा बंगला किती सालचा आहे हे कसं ओळखायचं?

एका खुणेवर जाऊ नका, चार खुणा जुळवा. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ ला, त्यानंतरच जड माल स्वस्तात यायला लागला, म्हणून लोखंडी तुळया असलेलं घर सहसा त्यानंतरचं. त्या तुळईच्या बाजूवर बॅटरी मारून बघा, उठावात कारखान्याचं नाव असतं, डॉर्मन लाँग वगैरे, ते विलायती. टाटांचं पोलाद १९१२ ला निघायला लागलं, त्यामुळे टाटा लिहिलेलं असेल तर त्याच्या पुढचं. देशी सिमेंट १९१४ ला पोरबंदरला सुरू झालं, घरगुती कामात ते रुळायला आणखी वेळ लागला. दाराखिडक्यांच्या डोक्यावर दगडी किंवा विटांची कमान असेल तर जुनं काम, सरळ काँक्रीटची पट्टी असेल तर बहुतेक १९३० च्या आसपासचं किंवा नंतरचं, अर्थात नंतर बदललेली पण असू शकते. रंगीत नक्षीच्या सिमेंट टाइल्स असतील तर एखादी सुटी टाइल उलटी करून बघा, मागे कारखान्याचा ठसा मिळतो. मुंबईची भारत टाइल्स १९२२ ला सुरू झाली, त्यामुळे तिचा ठसा असेल तर फरशी तरी त्याआधीची नाही.

वायरिंगकडे पण बघा. लाकडी पट्टीवरून गेलेली वायर आणि चिनी मातीची बटणं जुनी असतात, पण वीज घरात नंतर पण येऊ शकते, म्हणून यावरून घराचं वय काढू नका.

कागदांचं म्हणाल तर आधी सिटी सर्व्हे ऑफिसमधून प्रॉपर्टी कार्ड काढा, त्यावरच्या जुन्या नोंदींच्या तारखा बघा. मग घरातली ट्रंक. आणि त्याच्याही मागे जायचं असेल तर कोल्हापूर पुरालेखागार, तिथे संस्थानकाळातले दप्तर आहे, बरेच कागद मोडीत आहेत त्यामुळे मोडी वाचणारा माणूस सोबत न्या.

६. कौलावर १८६५ लिहिलंय. म्हणजे घर १८६५ चं?

नाही, आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ ला काढला, ते साल छापात येतं, ते कारखान्याचं साल आहे. कौल उलटं धरा, खालच्या बाजूला अक्षरं उठावात असतात, काजळी बसलेली असते, ओल्या फडक्याने पुसा म्हणजे नीट वाचता येतं. नाव महत्त्वाचं. पहिल्या महायुद्धात बासेल मिशनची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली आणि पुढे ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, त्यामुळे कॉमनवेल्थ लिहिलेलं कौल महायुद्धानंतरचं. पण कौलं फुटतात, बदलतात, एकाच छपरावर चार कारखान्यांची कौलं सापडतात. जास्तीत जास्त कौलं कुठल्या छापाची आहेत ते बघायचं.

७. छत एवढं उंच का? एसी लावायचा तर सगळी हवा वर जाते.

एसी नव्हता म्हणूनच उंच. गरम हवा वर जाते आणि वरच्या झरोक्यातून बाहेर पडते, तिच्या जागी व्हरांड्याच्या सावलीतून थंड हवा खालच्या खिडकीतून आत येते, एवढा साधा हिशोब आहे. बहुतेक घरांत तो झरोका दोरीने उघडायचा असतो आणि बहुतेक घरांत ती दोरी कधीच तुटलेली असते आणि झरोका रंगाने चिकटलेला असतो. आधी तो मोकळा करा, दोरी बदला, एक उन्हाळा काढून बघा आणि मग एसीचं ठरवा. खिडक्यांची खालची आणि वरची झडपं वेगळी असतात ती पण त्यासाठीच, खालची लावून घेतली की रस्त्यावरचं दिसत नाही आणि वरून वारा चालू राहतो. पश्चिमेचा व्हरांडा खोल असतो कारण आपला पाऊस पश्चिमेकडून तिरका येतो, तो काचा लावून बंद केलात तर मागची खोली अंधारी आणि दमट होणार.

८. भिंतींना खालून तीन-चार फूट ओल चढते, दर वर्षी गिलावा करतो, परत फुगतो. काय करायचं?

पहिल्यांदा विचारतो, गिलावा कशाचा केला? उत्तर नेहमी सिमेंट असतं. जुनी भिंत विटांची किंवा काळ्या दगडाची, जोडणी चुन्यात, कधी आतून मातीत. तिच्यात ओल अडवणारा थर असा काही घातलेला नसतो, जमिनीतलं पाणी थोडं वर चढणारच, आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर उडून जायचं. त्यावर सिमेंट आणि वर प्लॅस्टिक पेंट चढवला की पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, ते आणखी वर चढतं, सोबत क्षार आणतं, आणि क्षार पापुद्र्याच्या मागे साठले की गिलावा फुगून पडतो. म्हणजे दर वर्षी तुम्ही रोगच परत लावताय.

आधी बाहेर जाऊन बघा. जोत्याचा दगड किती दिसतोय? मूळचा दीड-दोन फूट असायचा. रस्त्यावर थरावर थर डांबर पडत गेलं, मग अंगणात भर टाकली, मग पेव्हर ब्लॉक बसवले, आणि जोतं निम्मं गाडलं गेलं. आता पावसाचं पाणी घराकडे येतं. भिंतीपासून निदान दोन-तीन फुटाची पट्टी खोदून मोकळी करा, उतार बाहेरच्या बाजूला द्या, पन्हळीचं पाणी भिंतीपाशी पडू देऊ नका. बऱ्याच घरांत एवढ्यानेच निम्मी ओल जाते. मग आतला सिमेंटचा गिलावा ओल चढते त्याच्या फूट-दीड फूट वरपर्यंत काढा, भिंत उघडी ठेवून एक उन्हाळा वाळू द्या (घाई करू नका, घरातले कितीही ओरडले तरी), आणि मग चुन्याचा गिलावा, वर चुन्याची सफेदी. वॉटरप्रूफिंगवाला आला आणि म्हणाला केमिकल मारून देतो, दहा वर्षांची गॅरंटी, तर त्याला विचारा की पाणी मग जाणार कुठून.

९. चुन्यात गूळ घालतात हे खरं का? आणि आता तो करतं कोण?

खरं आहे. कळीचा चुना हौदात विरवायचा, काही आठवडे पाण्याखाली मुरवायचा, मग वाळू किंवा सुरकी, म्हणजे विटांची भुकटी, घालून घाणीत मळायचा. त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळ, कुठे उडीद, गवंड्यागणिक वेगळं. गुळाने मसाला हाताला चांगला चालतो आणि घट्टपणा वाढतो, पण प्रमाण जास्त झालं तर मुंग्या लागतात आणि ओल धरते, म्हणून "जास्त गूळ जास्त ताकद" असं काही नाही. कोल्हापुरात गुळाची कमतरता नाही, कमतरता आहे ती चुना ओळखणाऱ्या हाताची. वयस्क गवंडी शोधा, जुन्या देवळांच्या दुरुस्तीवर काम केलेले असले तर उत्तम, आणि सोबत एक तरुण पोरगा शिकायला ठेवा.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो. म्हणून पातळ थरात काम, दोन थरांत दिवस जाऊ द्यायचे, कडक उन्हात ओली पोती लावायची, भर पावसात काम काढायचंच नाही. कळीचा चुना विरवताना पाणी उकळतं आणि उडतं, डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय कोणाला जवळ जाऊ देऊ नका, पोरांना तर अजिबात नाही.

१०. कौलं गळतात. सरळ पत्रा टाकू का?

टाकू नका, निदान शाकारणी (कौलं काढून, फुटकी बदलून परत नीट लावणं) करून बघितल्याशिवाय नाही. पूर्वी मृगाच्या आधी दर वर्षी घर शाकारलं जायचं, आता दहा-दहा वर्षं कोणी वर चढत नाही आणि मग कौलाला नावं ठेवतात. गळती बहुतेक वेळा फुटलेल्या दोन-चार कौलांची, आढ्यावरच्या कौलांचा चुना सुटल्याची, किंवा दोन उतार मिळतात तिथल्या पन्हळीत पाला साठल्याची असते. एका ब्रासला (१०० चौरस फूट) साधारण १५० कौलं लागतात, त्यातली दहा-वीस बदलायला कितीसा खर्च. रिपा वाकल्या असतील तर त्या आधी बदला. जुनी कौलं मोडकळीस आलेल्या घरांतून मिळतात, पण दोन छापांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून नमुना हातात घेऊन जा.

कौलाखाली पत्रा घालून वर कौलं, हा मधला मार्ग चालतो, पण पत्रा आणि कौल यांच्यात हवा खेळायला जागा ठेवा. नाहीतर रिपा कुजतात आणि वाळवी लागलेली पण दिसत नाही.

११. २०१९ ला आणि परत २०२१ ला पुराचं पाणी घरात आलं. तेव्हापासून भिंती वाळतच नाहीत.

पंचगंगेच्या बाजूच्या, नागाळा पार्क आणि शाहूपुरीच्या सखल भागातल्या लोकांचा हा प्रश्न आहे, राजारामपुरी उंचावर असल्याने सहसा वाचते. दीड फुटी भिंत वाळायला महिने लागतात आणि सिमेंटच्या आत असेल तर वर्षं. उत्तर आठव्या प्रश्नाचंच. फक्त दोन गोष्टी जास्तीच्या, लाकडी फळ्यांची जमीन असेल तर तिच्याखालचा गाळ काढल्याशिवाय काही होणार नाही, आणि दारं फुगली म्हणून लगेच रंधा मारू नका, वाळल्यावर ती परत बसतात.

१२. बंगल्याच्या मागे एक अरुंद बोळ आहे, ती कशासाठी होती?

त्या काळच्या वसाहतींत संडास टोपलीचे असत, घराच्या अगदी मागे, आणि मैला उचलायला सफाईचं काम करणाऱ्या माणसांनी पुढच्या दाराने यायचं नाही म्हणून मागून वेगळी वाट ठेवलेली. ती माणसं कुठल्या जातीची होती ते सांगायला नको. जुन्या घरांचं कौतुक करताना ही बोळ वगळून करू नये असं मला ठामपणे वाटतं. आराखडा जितका हवेचा होता तितकाच तो कोणाला कुठून येऊ द्यायचं याचाही होता.

१३. आमच्या घराला कौलं नाहीत, सपाट स्लॅब आहे, गोल बाल्कनी आहे. मग हा बंगला नाही का?

आहे. ही आर्ट डेको धाटणी, तीसच्या दशकात मुंबईत जोरात आली आणि तिथून इकडे. गोल कोपरे, आडव्या पट्ट्या, जिन्याला उभी काचेची खिडकी. प्लॉटवरची बसण्याची पद्धत तीच, फक्त छप्पर बदललं. इथे काळजी वेगळी आहे. त्या काळच्या काँक्रीटमधली सळई गंजली की स्लॅबचे पापुद्रे पडतात, वरून ठीक दिसतं आणि खालून गज उघडे पडतात. हे चुन्याच्या गवंड्याचं काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

१४. वर एक मजला चढवता येईल का?

भिंत जाड आहे म्हणून ती पेलेल असं समजू नका. आत मातीची जोडणी असू शकते, पाया फक्त एका मजल्याच्या हिशोबाचा असतो. १९६७ चा कोयनेचा भूकंप इथपर्यंत जाणवला होता हे घरातल्या मोठ्यांना विचारा. जागा पाहिजेच असेल तर मागच्या बाजूला, मूळ भिंतीला न चिकटता वेगळी खोली बांधा, व्हरांड्याने जोडा. पुढची बाग मात्र तशीच ठेवा. आणि बागेतलं मोठं झाड मधे येतंय म्हणून परस्पर तोडू नका, १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड तुमच्या मालकीचं असलं तरी.

१५. हेरिटेज यादीत नाव आलं की खिळा पण मारता येत नाही म्हणे?

ही भीती घालणारे बहुतेक प्लॉट विकत घ्यायला आलेले असतात. महाराष्ट्रात वारसा इमारतींच्या तीन श्रेणी असतात. श्रेणी १ मधे बदल जवळजवळ नाहीच, श्रेणी २ मधे आतले बदल आणि वापर बदलणं विचारपूर्वक चालतं, श्रेणी ३ मधे आणखी सूट. राहती घरं सहसा वरच्या श्रेणीत नसतात. काम काढायच्या आधी वारसा समितीची परवानगी घ्यावी लागते एवढं खरं. आणि वारसा जपल्यामुळे जे बांधकाम करता येत नाही त्याच्या बदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळायची तरतूद नियमावलीत आहे, तिची चौकशी नक्की करा.

१६. चुलत्यांच्या सह्या मिळत नाहीत, आणि प्रॉपर्टी कार्डावर सत्ताप्रकार "ब" आहे. दुरुस्ती अडली आहे का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सत्ताप्रकार म्हणजे जमीन कुठल्या हक्काने धारण केली आहे त्याची कार्डावरची नोंद. "ब" सत्ताप्रकाराचा प्रश्न विक्री, हस्तांतर, नवीन बांधकाम यात येतो, जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत जावं लागू शकतं, वकिलाला कार्ड दाखवल्याशिवाय व्यवहार करू नका. पण शाकारणी, रंग, गिलावा ही नुसती देखभाल आहे. चुलत्यांचं म्हणाल तर खर्चाच्या पावत्या नीट ठेवा, काम करायच्या आधीचे फोटो काढा आणि सगळ्यांना लेखी कळवा, पुढे वाटणीत उपयोगी पडतं. वाटणी होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर छप्पर थांबत नाही.

१७. आम्ही मालक नाही, दोन पिढ्या भाडेकरू आहोत. मालक लक्ष देत नाही.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे. निदान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या, तरीही केलं नाही तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाला किती कापायचं याला मर्यादा आहे आणि जुनी भाडी इतकी कमी असतात की त्यातून फार काही निघत नाही. माझा अनुभव असा की नोटिशीसोबत गवंड्याने लिहून दिलेला खर्चाचा अंदाज जोडला आणि फक्त कौलांचंच काम मागितलं तर मालक तयार होतो. सगळ्या घराची यादी पाठवली की तो घाबरून पाडायचं बोलायला लागतो. मृग साधारण ७ जूनला लागतो, त्यामुळे नोटीस एप्रिलमधेच जाऊ द्या.